दोन मिलिमीटरचा बेसूर

तुमच्या ग्रुपमध्ये असा एक जण असतोच. गाणं सुरू व्हायच्या आधी पाच मिनिटं गिटारच्या खुंट्या पिळत बसणारा. मोबाइलवर ट्यूनर अ‍ॅप, सहाही तारांना हिरवा दिवा, सगळं ओके. मग तो डी कॉर्ड वाजवतो, मस्त. ई वाजवतो आणि तोंड वाकडं करतो. तिसरी तार, म्हणजे जी, किंचित उतरवतो. आता ई बरा लागतो, पण जी कॉर्ड रडायला लागते. कट्ट्यावरचं पब्लिक एव्हाना वैतागलेलं असतं. ‘अरे, तुला कानच नाही!’

आमच्या ग्रुपमधला हा प्राणी दोन वर्षं हेच ऐकत होता. पैसे साठवून त्याने हाताने बनवलेली, नायलॉन तारांची क्लासिकल गिटार घेतली होती. हँडमेड म्हणजे भारीच असणार, त्यामुळे चूक याचीच, हे आम्ही सगळ्यांनी (हो, मीसुद्धा) ठरवून टाकलं. यंदाच्या गॅदरिंगला त्याने वाजवायलाच नकार दिला. म्हणून सांगते, कुणाच्या कानाला नावं ठेवण्याआधी गिटारला पट्टी लावा. गाण्यातली नव्हे, कंपासपेटीतली.

क्लासिकल गिटारची मापं बऱ्याच अंशी रूढ केली ती एकोणिसाव्या शतकात, स्पेनच्या अल्मेरियातल्या अंतोनिओ दे तोरेस या कारागिराने. आजही तारेची लांबी साधारण ६५० मिलिमीटर धरतात. वरच्या नटपासून बारावा फ्रेट बरोबर निम्म्यावर, ३२५ वर. मग बाराव्या फ्रेटपासून खालच्या सॅडलपर्यंतही ३२५ हवेत ना? कागदावर हो. पण तुम्ही तार फ्रेटवर दाबता तेव्हा ती जराशी ताणली जाते, ताण वाढला की सूर चढतो. शिवाय जाड तार ताठ असते, तीही चढाच सूर देते. म्हणून चांगला कारागीर सॅडल दीड-दोन मिलिमीटर मागे ठेवतो. यालाच कॉम्पेन्सेशन म्हणतात. सगळ्यात जास्त छळते ती तिसरी तार, कारण साध्या नायलॉनच्या तीन तारांत तीच सगळ्यात जाड.

घरी करून बघा. बाराव्या फ्रेटच्या बरोबर वर तारेला बोट नुसतं टेकवून हार्मोनिक वाजवा, मग तिथेच तार दाबून वाजवा. दोन्ही सूर एकच यायला हवेत. दाबलेला चढा आला तर आधी तार बदलून बघा. जुनी किंवा कमी-जास्त जाडीची तार हमखास फसवते. पावसाळ्यात दमट हवेने गिटारचं पोट फुगतं, तारा वर उचलल्या जातात, दाबायला जास्त ताण लागतो, तेव्हाही सूर चढतो. तेव्हा जुलैमध्ये एकदम निकाल देऊ नका.

एवढं करूनही चढाच असेल तर मात्र प्रकरण वरवरचं नाही. सॅडल १ मिलिमीटर मागे घेतलं तर बाराव्या फ्रेटवरचा सूर जेमतेम अडीच-पावणेतीन सेंटने उतरतो (दोन लगतच्या सुरांत १०० सेंट असतात). तार ८ सेंट चढी असेल तर ३ मिलिमीटर हवेत. आणि सॅडलची ती हाडाची पट्टीच मुळात तीनेक मिलिमीटर रुंद! तिचा माथा घासून पुढे-मागे करायला जागा उरतेच किती? ब्रिज चिकटवला त्या दिवशीच तुमच्या गिटारचा सूर ठरलेला असतो. कॅलिफोर्नियातले गिटारकार ग्रेग बायर्स यांनी १९९६ मध्ये याचं गणित मांडून सॅडलसोबत नटकडचं मापही कसं सुधारायचं ते दाखवलं. म्हणजे उपाय माहीत नाही अशातला भाग नाही.

माझा राग आहे तो ‘हँडमेड आहे, थोडं उन्नीस-बीस चालायचंच’ या वाक्यावर. लाकडाच्या रेषा, साउंडहोलभोवतीची नक्षी थोडी वेडीवाकडी असेल तर ती हाताची खूण, मान्य. सॅडलची जागा चुकणं ही मोजमापाची चूक आहे. त्याचे पैसे विद्यार्थ्याने का भरायचे?

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवी. परफेक्ट गिटार मिळाली तरी ई कॉर्ड थोडी खटकेलच. गिटारचे फ्रेट पेटीसारखेच समान अंतराच्या सुरांवर बसवलेले असतात आणि त्यात तीव्र गंधार शुद्ध प्रमाणापेक्षा सुमारे १४ सेंट चढा येतो. ई कॉर्डमध्ये हा गंधार नेमका त्या बदनाम तिसऱ्या तारेवर, पहिल्या फ्रेटवर पडतो. सतारवाले सुखी. त्यांचे पडदे दोऱ्याने बांधलेले, रागाप्रमाणे सरकवले की झालं. आपले ठोकून बसवलेले. तेव्हा १४ सेंटचं भांडण कारागिराशी नको, पण त्यावर आणखी ८ सेंट त्याने का चढवले, हे विचारायचा हक्क तुमचा आहे.

आणि हे विचारायचं ते घेण्यापूर्वी. दुकानात फूटपट्टी काढली की माणूस विचित्र नजरेने बघतो, बघू दे. नट ते बारावा फ्रेट मोजा, तिथून सॅडल मोजा. दोन्ही अंतरं सारखी निघाली तर वाजवून बघायच्या आधीच जपून राहा. मग सहाही तारांची हार्मोनिक टेस्ट करा, नुसत्या मोकळ्या तारांचा हिरवा दिवा बघून खूश होऊ नका.

आमच्या मित्राच्या गिटारवर बाराव्या फ्रेटच्या दोन्ही बाजूंना ३२५ भरले. ब्रिज उखडून परत बसवणं त्याच्या खिशाला झेपणारं नव्हतं. त्याने तिसरी तार कार्बनची लावली, ती नायलॉनपेक्षा बारीक असते, त्यामुळे कमी चढते. हाडाची पट्टी बदलून तिचा माथा जमेल तितका मागे घेतला. वरच्या फ्रेटवर अजून थोडं टोचतं, पण आता ई नंतर जी वाजवताना तो खुंटीला हात लावत नाही.