टीएसएच थोडा वाढलाय, म्हणून घाबरायचं किती?



महिला मंडळाच्या बैठकीत हल्ली एक प्रश्न हमखास येतो. "दिवस गेलेत, रिपोर्टमध्ये थायरॉईड निघालाय, बाळ मतिमंद होईल का?" रिपोर्ट पाहावा तर टीएसएच ३.२ किंवा ३.८, आणि टी-४ अगदी नॉर्मल. याला थायरॉईडची सौम्य कमतरता म्हणतात, आणि कित्येकदा तीही नसते. पूर्वी पहिल्या तिमाहीत २.५ च्या वर गेलं की बिघाड मानत. आपल्या केंद्र सरकारच्या २०१४ च्या सूचनांतही हाच आकडा आहे. अमेरिकन थायरॉईड असोसिएशनने मात्र २०१७ मध्ये ही मर्यादा साधारण ४ पर्यंत नेली. म्हणजे एकच बाई एका दवाखान्यात रोगी आणि दुसऱ्यात निरोगी!

ही भीती उगाच आलेली नाही. १९९९ साली अमेरिकेतल्या एका अभ्यासात उपचार न मिळालेल्या मातांच्या मुलांचा बुद्ध्यांक सरासरी ७ गुणांनी कमी आढळला. पण त्या मातांचा टीएसएच बराच वाढलेला होता. पुढे सौम्य बिघाड असलेल्या गरोदर स्त्रियांवर दोन मोठे अभ्यास झाले. २०१२ चा ब्रिटन-इटलीतला, २०१७ चा अमेरिकेतला. एकात मुलं तीन वर्षांची, दुसऱ्यात पाच वर्षांची होईपर्यंत पाहिलं. गोळी घेतलेल्या आणि न घेतलेल्या मातांच्या मुलांच्या बुद्धीत फरक दिसला नाही.

मग गोळी नकोच? असं मी म्हणत नाही. या अभ्यासांत उपचार सुरू झाले ते सरासरी तेराव्या आणि सतराव्या आठवड्याच्या सुमारास. बाळाची स्वतःची थायरॉईड ग्रंथी बाराव्या आठवड्याच्या आसपास कामाला लागते. तोवर ते सर्वस्वी आईवर अवलंबून असतं. खरी निकड त्या पहिल्या तीन महिन्यांतच आहे, आणि नेमके तेच तीन महिने आपल्याकडे "नजर लागेल" म्हणून लपवले जातात. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरातसुद्धा! दिवस राहिल्याचं कळताच आशाताईंकडे नाव नोंदवा.

माझं मत असं. टीएसएच १० च्या वर असेल तर गोळी लागतेच, वाद नाही. ४ ते १० च्या मध्ये असेल तर अँटी-टीपीओ ही तपासणी करून घ्यावी. ती पॉझिटिव्ह आली तर गोळी घ्यावी, निगेटिव्ह आली तर डॉक्टरांना कारण विचारून ठरवावं. 'डॉक्टर म्हणाले म्हणून' एवढ्यावर थांबू नये. कालाम सुत्त आपण फक्त वाचण्यापुरतं ठेवलेलं नाही. पण विचारणं वेगळं आणि शेजारणीच्या सांगण्यावरून गोळी बंद करणं वेगळं.

बाहेर या तपासण्यांना पैसे पडतात, आणि रोजंदारीवर जाणाऱ्या बाईची एक खेप म्हणजे एक मजुरी. १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात प्रसूती रजेच्या विधेयकाला पाठिंबा देताना बाबासाहेबांनी आईची विश्रांती ही राष्ट्राच्या हिताची गोष्ट मानली, आणि त्याचा भार मुख्यतः सरकारने उचलावा असं मांडलं. तोच न्याय इथे लावा. पहिल्याच भेटीत टीएसएच मोफत होते का, हे मंडळाने आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात लेखी विचारावं.

गोळी चालू असेल तर सकाळी उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर घ्यावी. त्यानंतर निदान अर्धा तास चहासुद्धा नको. सरकारी लोह-कॅल्शियमच्या गोळ्या तिच्यासोबत घेतल्या तर ती अंगी लागत नाही, चार तासांचं अंतर हवं. मीठ आयोडीनयुक्तच वापरा; सैंधव मिठाची टूम या काळात नको. बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी टीएसएच पुन्हा तपासा. सौम्य बिघाडावर सुरू केलेली गोळी तेव्हा अनेकींची बंद होऊ शकते. ती डॉक्टरांनी बंद करायची, सासूबाईंनी नव्हे.