प्रार्थना कोंकणीत, पाढे इंग्रजीत

नोव्हेंबरच्या 24 तारखेला जुन्या गोव्यात सेंट फ्रान्सिस झेवियरची नोव्हेना सुरू होते, 3 डिसेंबरला फेस्त होते आणि तेथून नाताळापर्यंत गोव्यातील ख्रिस्ती वाड्यांना वेगळीच जाग येते. घरोघरी कागदी नक्षत्रे लागतात, अंगणात गोठा उभा राहतो, दोदोलाची कढई चुलीवर चढते. साष्टीतील एखाद्या इगर्जीत मध्यरात्रीच्या मिसेला कोणी मराठी माणूस उभा राहिला, तर त्याला प्रवचनातील बरेचसे शब्द परके वाटणार नाहीत. पाद्री कोंकणीत बोलत असतो, भाविक कोंकणीत गात असतात, म्हातारी आजी आपला कबुलीजबाब कोंकणीतच देत असते. सुट्टी संपते. जानेवारीच्या गार सकाळी इगर्जीला लागून असलेल्या शाळेची घंटा होते आणि त्याच आजीच्या सहा वर्षांच्या नातवाला दोन अधिक तीन किती, हे इंग्रजीत विचारले जाते!

ही विसंगती कोणी लादलेली नाही. चर्चने ती स्वतः मागून घेतली आहे.

1684 साली पोर्तुगीज व्हाइसरॉयने हुकूम काढून गोमंतकीयांना तीन वर्षांत आपली बोली टाकून पोर्तुगीज बोलण्यास फर्मावले होते. बोली टिकली, हुकूम इतिहासजमा झाला. चर्चच्या पदरी या भाषेची सेवाही आहे, हे नाकारणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. फादर स्टीफन्स यांचे क्रिस्तपुराण 1616 मध्ये मराठीत छापले गेले आणि कोंकणीचे व्याकरण त्यांनीच लिहिले. 1962 ते 1965 या काळातील दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर लॅटिन मागे सरली व उपासना लोकभाषेत आली. देवाशी बोलताना मातृभाषा हवी, हे ज्या संस्थेला पटले, तिला मुलाशी बोलताना ती का नको?

1990 साली शशिकला काकोडकर शिक्षणमंत्री असताना प्राथमिक शाळांचे अनुदान मराठी व कोंकणी माध्यमांपुरते मर्यादित झाले. धर्मप्रांताच्या शाळांनी तेव्हा कोंकणी माध्यम स्वीकारले आणि सुमारे दोन दशके ते चालवले. वाद होता तो केवळ पहिल्या चार इयत्तांचा; पाचवीपासून इंग्रजी होतीच. मूल लिहू-वाचू लागते ती चारच वर्षे! तेवढीही मातृभाषेला मिळू नयेत, म्हणून 2011 मध्ये दिगंबर कामत सरकारने इंग्रजीलाही अनुदान खुले केले. 2012 मध्ये सत्तांतर झाले, परंतु ज्यांनी विरोधात असताना या निर्णयावर झोड उठवली होती, त्यांनीच सत्तेत आल्यावर अल्पसंख्याक संस्थांच्या इंग्रजी शाळांचे अनुदान चालू ठेवले. सुभाष वेलिंगकर आणि भारतीय भाषा सुरक्षा मंचाने त्याची किंमत मोजली. 2016 मध्ये वेलिंगकरांना संघाच्या जबाबदारीतून दूर व्हावे लागले. त्यांनी काढलेल्या पक्षाला 2017 च्या निवडणुकीत एकही जागा मिळाली नाही. स्वकीयांचे सरकार असले की प्रश्न सुटतो, या भाबड्या समजुतीला याहून कडू औषध नसेल.

या व्यवस्थेत माध्यमाच्या प्रश्नाला धर्म चिकटवला गेला. साष्टीतील ख्रिस्ती मूल आणि फोंड्यातील हिंदू मूल घरी एकच कोंकणी बोलतात. मग संस्था अल्पसंख्याकांची आहे एवढ्यावरून भाषेला वेगळा नियम कसा? घटनेने अल्पसंख्याकांना संस्था चालवण्याचा अधिकार दिला तो आपली ओळख जपण्यासाठी. येथे ती ओळखच शाळेच्या दाराबाहेर ठेवली जाते.

पालकांचे म्हणणेही ऐकले पाहिजे. घरातील प्रार्थनेचे पुस्तक रोमी लिपीत, शाळेचे क्रमिक पुस्तक देवनागरीत. मग ही कोंकणी आपली कशी, हा त्यांचा सवाल खोटा नाही. जहाजावर वा आखातात नोकरी करणाऱ्या बापाला इंग्रजीवाचून अडते, हेही खरे. परंतु लिपीचा तंटा लिपीच्या पातळीवर सोडवता येतो. त्यासाठी भाषाच सोडायची हे डोके दुखते म्हणून डोकेच उतरवण्यासारखे झाले. सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये कर्नाटकाच्या प्रकरणात मातृभाषेच्या माध्यमाची सक्ती करता येणार नाही, असे सांगितले आहे. ठीक आहे, सक्ती नको. पण धर्मप्रांताला स्वेच्छेने कोंकणीकडे वळण्यास कोणत्या न्यायालयाने मनाई केली आहे? उपासनेची भाषा बदलली तेव्हा तर कोणत्याही सरकारने अनुदानाचे आमिष दाखवले नव्हते.

आणि चर्चकडे बोट दाखवताना आपल्याही अंगणात पाहावे लागेल. याच इंग्रजी शाळांच्या प्रवेशाच्या रांगेत गळ्यात मंगळसूत्र असलेल्या माता काही कमी नसतात. व्यासपीठावरून मातृभाषेचा गौरव करून घरी परतणारे कार्यकर्तेही नातवाचा अर्ज तेथेच भरतात. तिकडे खेडोपाडीच्या सरकारी मराठी प्राथमिक शाळा पटाअभावी एकामागून एक बंद पडत आल्या आहेत, आणि त्यांना कुलूप लावायला कोणी पाद्री आलेला नाही.