प्रश्न नीट विचारावा

आमच्या परिचयाच्या एका कुटुंबांतील मातोश्री २०१५ सालच्या शरद ऋतूंत अमेरिकेस आपल्या मुलाकडे गेल्या होत्या. सुनेचें पहिलेंच बाळंतपण होतें. परक्या घरांतील लांकडी जिना दिवसांतून वीस वेळां चढतां-उतरतां त्यांचा गुडघा दुखूं लागला. मुलानें कचेरींतूनच डॉक्टरांच्या दवाखान्यांत फोन करून "आईचा गुडघा दुखतो" असें कळविलें, व तिकडून क्ष-किरण-छायाचित्राची चिठ्ठीही पाठविण्यांत आली. मातोश्री केंद्रावर पोंचल्या तेव्हां तेथील बाईंनीं चिठ्ठी परत केली. निदानाचा सांकेतिक अंक जुना होता, तो १ ऑक्टोबरपासून बंद झाला होता. नव्या अंकासाठीं गुडघा डावा कीं उजवा हें कळावयास हवें होतें, आणि चिठ्ठीवर तर बाजूच नव्हती. मुलाला फोन गेला. त्यानें अंदाजानें सांगितलें, "उजवा असावा." इकडे मातोश्रींनीं डावा पाय पुढें केला!

नवी चिठ्ठी येईपर्यंत दोन तास मोडले. घरीं आल्यावर त्या म्हणाल्या, "गुडघा माझा, आणि विचारतात मात्र मुलाला!" हें वाक्य आमच्या मनांत घर करून राहिलें आहे. त्या दिवशींचा खोळंबा अंकांच्या नव्या पद्धतीमुळें झाला असें मुलाचें म्हणणें. तो कशामुळें झाला याविषयीं आमचें मत थोडें निराळें आहे. तें सांगण्यापूर्वीं ही पद्धत म्हणजे काय तें पाहूं.

रोगांस ठराविक नांवें व क्रमांक असावे, म्हणजे एका देशाचे आंकडे दुसऱ्या देशाच्या आंकड्यांशीं ताडून पाहतां येतील, ही कल्पना जुनी आहे. पॅरिस शहराच्या आंकडेशास्त्र-खात्याचे प्रमुख झाक बेर्तियाँ यांनीं १८९३ सालीं शिकागो येथें आंतरराष्ट्रीय आंकडेशास्त्र-संस्थेपुढें मृत्यूच्या कारणांची एक यादी मांडली. पुढें तिच्या नव्या आवृत्त्या निघत गेल्या. १९४८ सालीं सहाव्या आवृत्तीच्या वेळीं हें काम जागतिक आरोग्य संघटनेकडे आलें, आणि मृत्यूच्या कारणांबरोबर आजारांचीही नोंद तींत होऊं लागली. दहावी आवृत्ति १९९० सालीं मान्य झाली. अमेरिकेंतील डॉक्टर व इस्पितळें मात्र नवव्या आवृत्तीवर बेतलेली यादी १९७९ पासून वापरीत आले होते. नव्या यादीसाठीं प्रथम २०१३ ची तारीख ठरली, ती २०१४ वर ढकलली गेली, आणि शेवटीं १ ऑक्टोबर २०१५ रोजीं बदल झाला. जुन्या यादींत सुमारें १४ हजार अंक होते. नवींत ते ६८ हजारांच्या घरांत गेले.

एवढी वाढ कशामुळें झाली? रोग कांहीं एकाएकीं पांचपट झाले नाहींत. जी माहिती पूर्वीं विचारलीच जात नसे ती आतां अंकांतच मागितली जाऊं लागली. गुडघेदुखीस पूर्वीं जो अंक होता त्यांत डाव्या-उजव्याचा पत्ता नव्हता. आतां उजव्यास 'एम २५.५६१' व डाव्यास 'एम २५.५६२' असे दोन निराळे अंक झाले. मनगटाजवळील हाड मोडलें असेल तर बाजू तर सांगावयाचीच, शिवाय उपचार चालू आहेत, कीं हाड सांधत असतांना फेरतपासणी आहे, कीं जुन्या दुखापतीचा मागाहून झालेला परिणाम आहे, हेंही सातव्या स्थानीं एका अक्षरानें दाखवावयाचें. या यादीची थट्टाही पुष्कळ झाली. बदकानें मारल्यास त्याचाही स्वतंत्र अंक आहे, असें लोक हंसून एकमेकांस सांगत. आणि तें खोटें नव्हे, असा अंक खरोखरच आहे.

या बदलाचा खरा कस लागला तो छायाचित्रें काढणाऱ्या विभागांत. क्ष-किरण, सोनोग्राफी, सी. टी. किंवा एम. आर. आय. यांचा तज्ज्ञ बहुधा रोग्याला तपासीत नाहीं. रोग्याला पाहतो एक, आणि त्याचें चित्र वाचतो दुसरा. दोघांमध्यें दुवा म्हणून असते ती एक चिठ्ठी. त्यांतून नियम असा, कीं चिठ्ठी केव्हां लिहिली हें न पाहतां तपासणी ज्या दिवशीं झाली त्या दिवसाची यादी लागू. म्हणजे सप्टेंबरांत जुन्या अंकानें लिहिलेल्या, पण ऑक्टोबरांत वेळ मिळालेल्या साऱ्या चिठ्ठ्या पुन्हां लिहावयाच्या! यंत्रानें त्या बदलाव्या म्हटलें तर जुन्या अंकांत बाजू नव्हतीच. यंत्र ती आणणार कोठून? ती ठाऊक डॉक्टराला, आणि त्याच्याहीपेक्षां दुखणें ज्याचें त्याला.

विम्याचे पैसे अडून हाहाकार होईल, अशी भीति पुष्कळांस होती. तसें कांहीं झालें नाहीं. तेथील सरकारी विमा-योजना जी मेडिकेअर, तिनें पहिल्या कांहीं आठवड्यांचे आंकडे प्रसिद्ध केले; परत केलेल्या बिलांचें प्रमाण पूर्वींप्रमाणेंच शेंकडा १० च्या आसपास होतें. पहिलें एक वर्ष थोडी सवलतही होती: अंक योग्य गटांतील असला तर केवळ बारकाव्यांतील उणीवेसाठीं डॉक्टराचें बिल नाकारावयाचें नाहीं, असें ठरलें होतें.

या पद्धतींतील एक नियम आम्हांस विशेष शहाणपणाचा वाटतो. बाहेरून तपासणीस आलेल्या रोग्याच्या बाबतींत 'संशय आहे', 'असावें', 'नाहींना तें पाहावें' अशा स्थितींतील रोगाचा अंक लिहावयाचा नाहीं. फुफ्फुसदाहाचा संशय असला तरी अंक खोकल्याचा किंवा तापाचा द्यावयाचा. चित्र वाचून तज्ज्ञानें निश्चित मत दिल्यावरच रोगाचें नांव लावावयाचें. संशय खरा म्हणून एकदां कागदावर चढला कीं तो पुसणें कठीण. डॉक्टरानें मनांतली शंका शब्दांत अवश्य लिहावी. चित्र वाचणाऱ्यास तिचा उपयोगच होतो. पण शंका व निर्णय यांत भेद राखावा. शेजारणीच्या खोकल्याला क्षय ठरविणाऱ्या आम्हां सर्वांना हा नियम लागूं करतां आला तर किती बरें होईल!

हा विषय वाटतो तितका दूरचा नाहीं. अमेरिकेंतील इस्पितळांचे कागद वाचून त्यांवर हे अंक घालण्याचें काम आपल्या देशांतील कितीतरी सुशिक्षित तरुण-तरुणी करतात. आमच्या वाचकांपैकीं कोणाची सून किंवा पुतण्या त्या कामावर असेल, आणि "दिवसभर हे अंक कसले घालतां?" असें घरांतील वडील मंडळींनीं विचारलेंही असेल. त्यांना कळावें म्हणून सांगतों: कागदावर बाजू नसेल तर ती अंदाजानें भरण्याची त्यांना मुभा नाहीं. डॉक्टराला विचारून घ्यावें, किंवा बाजू नमूद नाहीं असें दाखविणारा अंक लिहावा, एवढेंच त्यांच्या हातीं. आपल्या मातोश्रींच्या चिरंजीवांनीं जें सहज केलें तें या मुलांना करतां येत नाहीं.

आणि येथेंच आमचें निराळें मत येतें. चूक अंकांची नव्हती. अंकांनीं ती उघडी पाडली एवढेंच. आपल्या एकत्र कुटुंबांत दुखणें एकाचें आणि बोलणारा दुसरा, ही रीत अजून सुटलेली नाहीं. सुनेचें दुखणें सासूबाई सांगतात, सासूबाईंचें मुलगा सांगतो, आणि आजोबांचें तर सारें घर एकदम सांगतें. हेतु प्रेमाचाच असतो. पण ज्याच्या अंगांत कळ उठते त्यालाच ती कोठें उठते हें ठाऊक असतें.

म्हणून आमच्या वाचकांस आमची विनंति आहे. तपासणीस जाण्यापूर्वीं चार गोष्टी रोग्याच्याच तोंडून ऐकून कागदावर लिहाव्या: कोणती बाजू, केव्हांपासून, कशानें, आणि ही पहिली तपासणी कीं मागील दुखण्याचीच फेरी. जुनीं चित्रें असल्यास बरोबर घ्यावीं. चिठ्ठी हातीं पडतांच बाजू व अवयव वाचून पाहावा. भाषा येत नसेल तर घरच्यांनीं भाषांतर करावें, पण उत्तर मात्र रोग्याचें असूं द्यावें.

यादी पुढेंही बदलेल. जागतिक आरोग्य संघटनेची अकरावी आवृत्ति १ जानेवारी २०२२ पासून अमलांत आलीच आहे. कोणतीही यादी आली तरी मातोश्रींच्या वाक्यांतला धडा जुना होणार नाहीं. गुडघा ज्याचा, त्याला आधीं विचारावें.