तलाकच्या दुसऱ्या दिवशी

लोणावळा-खंडाळ्याचा घाट, तेथील धुके आणि बंगले हिंदी चित्रपटांनी अनेकदा पडद्यावर आणले. त्याच लोणावळ्यातून लोकलने पुण्याकडे पोटासाठी निघणारी मुस्लिम बाई मात्र त्यांना कथेच्या योग्यतेची वाटत नाही. मुस्लिम स्त्री म्हटली की नवाबाची हवेली आणि उर्दू शायरी हवीच, हा जणू या धंद्याचा अलिखित धर्मकायदा!

१९८२ साली बी. आर. चोप्रांचा 'निकाह' आला. रागाच्या भरात उच्चारलेल्या तीन शब्दांनी संसार कसा मोडतो हे त्याने घरोघरी पोहोचवले. अखेरीस नीलोफर दोन्ही पतींना जाब विचारते, याचे श्रेय त्याला दिलेच पाहिजे. परंतु तलाकनंतर तिला मासिकाच्या कचेरीत नोकरी मिळते आणि संपादकाशी विवाहही होतो. उद्याची चूल कशी पेटणार, हा प्रश्न तिला पडत नाही.

इंदूरच्या शाहबानोला तो पडला होता. १९७९ मध्ये दंडाधिकाऱ्यांनी तिला पोटगी मंजूर केली ती महिना २५ रुपये! उच्च न्यायालयाने ती १७९ रुपये २० पैसे केली. १९८५ साली सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरताच मौलवी खवळले आणि राजीव गांधी सरकारने १९८६ च्या कायद्याने त्या निकालाची धार बोथट केली. या खटल्यावर बेतलेला 'हक' पडद्यावर यायला २०२५ साल उजाडले. १८ एप्रिल १९६६ रोजी हमीद दलवाईंबरोबर मुंबईत विधानसभेवर मोर्चा नेणाऱ्या सात मुस्लिम स्त्रियांवर बडा निर्माता पैसा लावील, अशी आशा आम्ही करीत नाही.

अशा चित्रपटाला रुमाल ओला करणारा हिंदू प्रेक्षक आपल्याच आळीतील 'टाकलेल्या' सुनेला सहज विसरतो. तिला तर तीन शब्दही ऐकवले जात नाहीत.

२०१९ च्या कायद्याने तत्काळ तिहेरी तलाक देणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद ठरवली. पती गजाआड गेल्यावर पोटगी कशातून वसूल व्हायची, याचे उत्तर सरकारपक्षाच्या टाळ्यांत बुडून गेले. जुलै २०२४ मध्ये घटस्फोटित मुस्लिम स्त्रीला सर्वसाधारण फौजदारी कायद्याखालीही पोटगी मागता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले. म्हणजे मावळातील बाईने वडगावच्या न्यायालयाची पायरी चढायची. स्त्रियांना मोफत वकील देण्याची तरतूद १९८७ पासून कायद्यात आहे. लोणावळा-तळेगावातील आमच्या किती कार्यकर्त्यांनी अशा एका तरी बाईबरोबर तारखेला जाऊन दिवसभर बाकावर बसून काढला आहे?