चित्रातली खोली, खोलीतलं चित्र

मराठीत 'खोली' हा शब्द मोठा गमतीचा आहे. गिरगाव-लालबागच्या चाळीत ती दहा बाय बाराची असते आणि चित्रात ती मोजताच येत नाही. कागदावर ही दुसरी खोली आणण्याची धडपड जुनीच. १८९४ साली राजा रविवर्म्याचा छापखाना गिरगावात निघाला आणि लक्ष्मी-सरस्वती घरोघरी भिंतींवर आल्या. तेवढ्यानं समाधान न झालेल्या हौशी हातांनी त्या चित्रांवर जर, टिकल्या, कापड शिवलं. देवी कागदातून बोटभर पुढे आली!

आता चष्म्याशिवाय त्रिमिती दाखवणारे पडदे हातात मावू लागले आहेत आणि चित्रकार त्यांच्यासाठी चित्रं रचू लागले आहेत. यात जादू नाही, हिशेब आहे. आपल्या दोन डोळ्यांत साधारण सहा-साडेसहा सेंटिमीटरचं अंतर असतं. दोघांना किंचित वेगळं दिसतं आणि त्या फरकातून मेंदू खोली उभी करतो. म्हणून पडद्यावर बारीक उभ्या पट्ट्यांची जाळी किंवा भिंगं बसवून डाव्या डोळ्याला एक आणि उजव्याला दुसरं चित्र पोचवायचं. हलवलं की देव बदलणारी, रेघारेघांची प्लास्टिकची चित्रं आपण पाहिली आहेतच, तत्त्व तेच.

बँकेत उमेदीची वर्षं गेल्यामुळे मला लगेच प्रश्न पडतो, हे कर्ज फेडतं कोण? उत्तर आहे, चित्राची स्पष्टता. २०११ साली आलेल्या 'निन्टेन्डो थ्रीडीएस' या हातातल्या खेळयंत्राच्या वरच्या पडद्यावर आडव्या ओळीत ८०० ठिपके होते. वाटणीत एकेका डोळ्याला आले ४००. शिवाय मान कलली की चित्र फुटे. पुढच्या यंत्रात कॅमेरा डोळ्यांचा माग ठेवू लागला, पण एकाच माणसाच्या! अनेकांना दिसावं म्हणून दृश्यं वाढवावीत, तर ठिपक्यांचे वाटेकरी वाढतात.

माझा मुद्दा इथेच आहे. चाळीतली लक्ष्मी दारातून डोकावणाऱ्या शेजारणीलाही दिसे. लालबागचा गणपती खांद्यावरच्या पोराला दिसतो आणि मागे उभ्या आजोबांनाही. नवी कला मात्र सारी खोली एकाच डोळ्यांच्या जोडीच्या नावावर करून देऊ पाहते. तरुण चित्रकारांनी हे तंत्र जरूर हाती घ्यावं. मात्र खोली थोडी कमी झाली, रेषा जरा पुसट झाली तरी चालेल, ठिपके चौघांत वाटावेत.

दहा बाय बारात आठ माणसं मावत होती. चित्रातल्या खोलीत घरातली चार मावावीत, ही अपेक्षा काही फार नाही.