मुक्कामाचं घर

एरवी या पानावर मी तुमच्याशी लोणच्यांचं, लेकीसुनांचं नि महिनाअखेरच्या हिशेबाचं बोलते. दिवाळी अंकाला मात्र जरा लांबची गोष्ट शोभते, म्हणून यंदा पायांची गोष्ट सांगते. वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी मी त्र्यंबकेश्वरहून पंढरपूरला चालत गेले, संत निवृत्तिनाथांच्या पालखीबरोबर. परत आल्यापासून आमच्या जिन्यात भेटणाऱ्या प्रत्येकीचे दोन प्रश्न ठरलेले. "झेपलं का हो?" आणि "रात्री राहायचं कुठं?" पहिल्याचं उत्तर सोपं आहे. दुसऱ्याचं जरा लांबलचक आहे, आणि खरं म्हणजे तेच सांगण्यासारखं आहे.

सोपं आधी उरकते. आळंदीची नि देहूची पालखी सर्वांना ठाऊक असते. निवृत्तिनाथ हे ज्ञानदेवांचे थोरले बंधू आणि गुरूही. त्यांची समाधी त्र्यंबकेश्वरी. तिथून त्यांची पालखी ज्येष्ठी पौर्णिमेच्या सुमारास निघते आणि नाशिक, सिन्नर, राहाता तालुका, राहुरी, नगर, मिरजगाव, करकंब अशी मजल दरमजल करीत आषाढी एकादशीच्या आत पंढरपूर गाठते. सुमारे ४५० किलोमीटर वाट आणि पंचवीसएक दिवस, म्हणजे रोजचे सरासरी १८ किलोमीटर. आमच्या दादरहून रुळांच्या कडेकडेनं भांडुप गाठावं, इतकं. एक दिवस कोणीही चालेल. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तेवढंच चालायचं असतं, ही खरी मेख.

म्हणून तयारी तीन महिने आधी सुरू केली. पहाटे पार्काच्या फेऱ्या, आधी दोन, मग पाच, मग पाठीवर पिशवी घेऊन आठ. बूट आधीच घेऊन मऊ करून ठेवले, आणि अर्धा नंबर मोठे, कारण दिवसभराच्या चालीनं पाऊल सुजतं. सुती मोजे चार जोड, छत्री, अंथरायला प्लॅस्टिकचा कागद, ताट-वाटी-तांब्या, बॅटरी, गुडघ्याचं मलम, खोबरेल तेल. एका दिंडीत नाव घालून भिशी भरली. भिशी भरली, की दोन वेळचं जेवण आणि वळकटी वाहून न्यायला ट्रक, ही व्यवस्था दिंडी पाहते. विणेकरी, टाळकरी, पखवाजी, डोक्यावर तुळस घेतलेल्या बाया, असा दिंडीचा क्रम ठरलेला असतो. त्या क्रमात आपली जागा सांभाळून चाललं, की पाय आपोआप पडतात.

घरची तयारी त्याहून अवघड. यांना कुकरच्या शिट्ट्या मोजायला शिकवल्या. बंगळूरच्या चिरंजिवांनी माझ्या फोनवर असं काही बसवून दिलं, की आई कुठल्या फाट्यावर आहे ते त्याला तिथं बसून दिसावं. तर पहिल्या प्रश्नाचं उत्तर, झेपलं. तिसऱ्या दिवशी टाचेला फोड आला, सातव्या दिवशी बरा झाला.

आता दुसरा प्रश्न. वाटेवर लॉज नाहीत असं नाही, पण वारीचा मुक्काम लॉजमध्ये नसतो. तो असतो देवळाच्या सभामंडपात, शाळेच्या ओसरीवर, माळावरच्या राहुटीत, आणि कित्येकदा कोणाच्या तरी घरी. कोणत्या गावी विसावा, कोणत्या गावी रात्र, हे वर्षानुवर्षं ठरलेलं असतं. आमच्या दिंडीचंही प्रत्येक गावी एखादं घर बांधलेलं. त्या घरानं पंगत घालायची आणि दिंडीनं अंगणात भजन करायचं. पैशाचा प्रश्न नाही.

हे मला लहानपणापासून ठाऊक होतं, कारण मी राहात्याची. आमच्या गावच्या पोरींना पायी चालणाऱ्यांचं अप्रूप नसतं. शिर्डी तिथून पाचच किलोमीटर. साईबाबा शिर्डी सोडून फारसे कुठं गेले नाहीत, पण चालत राहात्याला येत, ही हकीगत आमच्याकडे प्रत्येक आजी आपल्या नातवंडांना सांगते. रामनवमीला मुंबईच्या पायी पालख्या अजून शिर्डीला येतात. राहात्याचा तालुका १९९९ साली झाला, त्याआधी आम्ही कोपरगाव तालुक्यात. कालव्याचं पाणी, ऊस आणि पेरूच्या बागा हे आमचं वैभव.

निवृत्तिनाथांची पालखी आमच्या तालुक्यात गोगलगाव आणि राजुरी अशा गावी मुक्काम करते. त्या बाजूलाच माझी थोरली बहीण दिलेली आहे. मी शाळेत असताना पालखीच्या आदल्या दिवशी आई मला आक्काच्या मदतीला धाडायची. परातीत पीठ, चुलीचा धूर, आणि माझ्या वाट्याला भाकरी मोजून फडक्यात बांधण्याचं काम. चाळीसहून अधिक वर्षं आक्काच्या घरी त्या दिंडीची पंगत होते आहे. यंदा मात्र मी फडक्याच्या पलीकडे, पंगतीत बसले होते.

दीडशे माणसं जेवली. आमटी, भाकरी, ठेचा, वर लापशी. भजन झालं, अंगण निवलं, आणि आम्ही मागच्या पडवीत बसलो. तिथं आक्काची सून मला म्हणाली, "मावशी, पुढच्या वर्षापासून आम्ही पाकीट देणार. पंगत नाही."

आक्का काही बोलली नाही. तिनं नुसता पदर सारखा केला.

सून आळशी नाही, हे आधी सांगते. ती पतपेढीत नोकरी करते, दोन मुलांचं करते, सासूचं करते. तिचा हिशेब चोख होता. "दीडशे माणसांचं करायचं म्हणजे आधीचे दोन दिवस नि नंतरचा एक. शाळा सुरू होण्याचा महिना, मला तीन रजा मिळत नाहीत. सासूबाईंच्या गुडघ्यांचं तुम्ही बघताच आहात. पूर्वी घरात सहा बाया होत्या, आता दोन आहोत. पुण्य तुम्हाला चालून मिळतं, मावशी. आम्हाला पहाटे तीनला उठून काय मिळतं?"

वाचक-भगिनींनो, याला उत्तर काय द्याल? मी गप्प राहिले, कारण तिचं एकही वाक्य खोटं नव्हतं.

आमच्या दिंडीचे वृद्ध विणेकरी पायरीवर बसून पाणी पीत होते. त्यांच्या कानावर हे पडलंच. ते हळूच म्हणाले, "माउली, पाकीट द्या, आम्ही शिजवून खाऊ. उपाशी कोणी राहणार नाही. पण मग तुमच्या दारी कशाला उतरायचं? तंबू कुठल्याही माळावर लागतो." राग नव्हता त्यात. माणूस आपला एक जुना शेजार सुटताना बोलावा, तसे ते बोलले.

पहाटे काकडा झाला नि आम्ही निघालो. आक्का वेशीपर्यंत आली. मी तिला विचारलं, "तुला काय वाटतं?" ती म्हणाली, "अगं, मी कधी पंढरपूर पाहिलं नाही. ही पंगत म्हणजेच माझं जाणं." आणि परत फिरली, लंगडत.

पुढचे दिवस माझी नजर रस्त्यावर कमी नि चुलींवर जास्त होती. बेलापूर, राहुरी, मग चढ चढून डोंगरगण, मग नगर, ज्याचं नाव २०२४ पासून अहिल्यानगर झालं आहे. मिरजगावच्या पुढं मुलूख कोरडा होत जातो, तरी विसाव्याला पिंपभर पाणी भरून ठेवलेलं. एका गावी केस कापणारा कारागीर फुकट दाढ्या करीत बसला होता. एका ठिकाणी शाळकरी मुलगा म्हाताऱ्यांच्या पायांना तेल लावत होता. पंचवीस दिवस आम्ही चाललो म्हणतो, पण वाटेवरचे हे लोक नसते, तर पार्कात आठ फेऱ्या मारणारी मी चौथ्या दिवशी एस. टी. धरून घरी आले असते.

जगात इतरत्रही असंच आहे. जपानात शिकोकू बेटावर ८८ देवळांची सुमारे १,२०० किलोमीटरची परिक्रमा आहे. तिथं वाटेवरचे लोक यात्रेकरूला फळं, चहा, कधी रात्रीचा निवारा देतात, आणि यात्रेकरूनं ते नाकारू नये असा रिवाज आहे. कारण देणाऱ्याची यात्रा त्या देण्यातूनच घडते. स्पेनमध्ये सांतियागोच्या वाटेवर यात्रेकरूंसाठी साध्या धर्मशाळा आहेत, आणि चालणाऱ्याच्या वहीवर मुक्कामामुक्कामाला शिक्का मारून मिळतो. आमच्या आक्काच्या वहीवर मात्र शिक्का मारणारं कोणी नाही.

उजनीच्या पाण्याच्या अंगानं जाऊन आम्ही करकंब गाठलं. दर्शनाच्या रांगेची लांबी पाहून आमच्यातल्या बहुतेकींनी कळसालाच हात जोडले. मीही जोडले, आणि मला ते पुरलं.

चंद्रभागेच्या वाळवंटात पाय धूत असताना फोन वाजला. आक्काची सून. म्हणाली, "मावशी, मी गल्लीत विचारून पाहिलं. पंचवीस घरं तयार आहेत. घरटी बारा भाकरी, म्हणजे तीनशे झाल्या. आमटीचं मोठं पातेलं बाप्यांनी उतरवायचं, भांडीही त्यांनीच घासायची, हे मी आधीच कबूल करून घेतलंय. बाराच भाकरी म्हटल्यावर कोणी नाही म्हणालं नाही. मला एकच रजा पुरेल." मग जरा थांबून म्हणाली, "आणि सासूबाईंनी नुसतं खुर्चीवर बसून पहिलं ताट वाढायचं." मागून आक्काचा आवाज आला, "खुर्ची नको म्हणावं, पाट चालेल!" पाटावर बसली, तर त्या गुडघ्यांनी उठणार कशी, हे तिला कोण सांगणार?

तेव्हा ज्यांना पुढच्या वर्षी चालायचं आहे, त्यांनी बूट आत्ताच घ्यावेत, दिंडीत नाव आधी घालावं, आणि पिशवीत सामान कमी भरावं. एक मात्र ध्यानात ठेवा. ज्या घरी जेवाल, तिथल्या बाईचं नाव विचारा, तिला वाढून द्या, आणि निघण्यापूर्वी आपलं ताट स्वतः घासा. पुण्याची वाटणी कशी होते, ते पांडुरंग जाणे, पण खरकट्याची वाटणी आपल्याला करता येते.

मला विचाराल, तर पुढच्या ज्येष्ठात मी चालणार नाही. माझी बॅग भरलेली असेल, पण तिकीट आक्काच्या घरापर्यंतचंच असेल. गल्लीत एक घर कमी पडतंय, असं सूनबाईचं म्हणणं आहे. बारा भाकरी माझ्या.