नावाआधी नाव ठेवणारा

रानातल्या एखाद्या अदृश्य शक्तीवर कथा लिहायला घेतलेल्या प्रत्येकाला माझी एक विनंती आहे. त्या पात्राचं नाव कागदावर उतरवण्याआधी ते नाव ठेवलं कोणी, हे ठरवा. गुराख्यानं ठेवलं? मध काढायला कड्यावर उतरणाऱ्यानं? मोळी घेऊन अंधारात घरी परतणाऱ्या बाईनं? की पूजा सांगायला गावात आलेल्या भटजींनी? हे एकदा ठरलं की नाव सापडायला फार वेळ लागत नाही. ते ठरलं नाही, तर शब्दकोश उघडून बसावं लागतं आणि मग हाताला 'वनदेव', 'वृक्षराज', 'अरण्येश्वर' अशी नावं लागतात.

या नावांत चूक काही नाही, पण ती कोणाच्याच तोंडची वाटत नाहीत. आंब्याखाली बसलेला म्हातारा नातवाला 'तिकडं अरण्येश्वर आहे' असं सांगताना ऐकू येतो का? तो सांगेल, 'तिकडं राखणदार आहे.' कोकणात आणि गोव्यात हा शब्द आजही जिवंत आहे. जो राखतो तो राखणदार. नावातच त्याचं काम आलं, त्याची हद्द आली, आणि त्या हद्दीत आपण कसं वागायचं तेही आलं.

आपल्याकडची जुनी नावं अशी साध्या शब्दांतून घडलेली आहेत. वारल्यांचा एक देव आहे, त्याचं नाव हिरवा. एवढंच. त्यांची धान्याची देवी कणसरी. कणीस कानावर पडल्याशिवाय हे नाव उच्चारताच येत नाही. वरंध घाटात रस्त्याच्या कडेला वाघजाईचं देऊळ आहे. वाघाचं भय आणि आईचा आसरा, दोन्ही तिच्या नावात शेजारी शेजारी बसले आहेत. वाघालासुद्धा आपण 'बा' जोडून वाघोबा केलं. अकोले-जुन्नरकडचे महादेव कोळी वाघबारसेला त्याची पूजा करतात. जो गोठ्यातली गाय उचलून नेऊ शकतो, त्याला घरातल्या वडीलधाऱ्याची जागा दिली आहे. तुमच्या पात्राच्या नावाला 'बा' लागेल, 'आई' लागेल की काहीच लागणार नाही, याचा विचार करा. त्या एक-दोन अक्षरांत गावाचं त्याच्याशी असलेलं नातं कळतं.

मला सर्वांत जास्त शिकवलं ते चकव्यानं. रात्री रानातून चालणारा माणूस वाट चुकतो, तास तास चालतो आणि फिरून त्याच झाडापाशी येतो. लोक म्हणतात, चकवा लागला. चकवतो तो चकवा. त्याला रूप नाही, कपडे नाहीत, लाल डोळे नाहीत, तरी अंगावर काटा येतो. इथं 'लागला' या क्रियापदाकडे नीट बघा. चकवा लागतो. मुंजा धरतो. पाण्यातल्या आसरा ओढून नेतात. गोव्यातला देवचार रात्री गावाची शीव फिरतो, आणि वाट चुकलेल्याला घरापर्यंत पोचवतो असंही सांगतात. प्रत्येकाचं क्रियापद वेगळं आहे आणि ते नावाइतकंच महत्त्वाचं आहे. म्हणून तुमच्या पात्राला नाव देताना त्याचं क्रियापदही शोधा. तो 'येतो' की 'उतरतो'? 'दिसतो' की 'जाणवतो'? 'सोडतो' की 'सुटतो'? पुष्कळदा आधी क्रियापद सापडतं आणि नाव त्याच्यामागून आपोआप येतं.

आणखी एक गोष्ट रानाकाठची माणसं जपतात. भीती वाटते त्याचं नाव ती सहसा घेत नाहीत. रात्रीच्या वेळी सापाला 'लांबडं' म्हणतात, वाघाला नुसतं 'जनावर'. कथेत हे फार उपयोगी पडतं. तुमच्या पात्राला दोन नावं असू द्या: एक दिवसा घ्यायचं, एक रात्री टाळायचं. किंवा खरं नाव फक्त एका म्हातारीला माहीत असू द्या आणि बाकी सगळे 'ते', 'तिकडचं', 'थोरलं' एवढंच म्हणू देत. वाचक ते खरं नाव कळण्याची वाट बघत राहील.

आता मराठीपुरती एक कसोटी सांगते, आणि ती न चुकता लावा असा माझा आग्रह आहे. नावाला विभक्ती लावून बघा. 'चकव्यानं', 'हिरव्याला', 'वाघजाईच्या' ही रूपं जिभेवर कशी सहज वळतात! परदेशी अद्भुतकथांच्या धर्तीवर बेतलेली 'झायलोर', 'सिल्वानोर' अशी नावं प्रत्येक वाक्यात दगडासारखी जिथल्या तिथं राहतात. मग नाव मोठ्यानं हाक मारून बघा. या डोंगरावरून त्या डोंगराकडे आरोळी द्यायची झाली, तर शेवटचं अक्षर लांबवता येतं का? आणि मग तेच नाव कुजबुजून बघा. अशा पात्राचं नाव दोन्ही तऱ्हांनी घेतलं जाणार आहे.

रान कुठलं, हेही ठरवून घ्या. मराठी मुलखात एकच जंगल नाही. विदर्भातलं सागाचं, मोहाचं, पानगळीचं रान वेगळं आणि सह्याद्रीच्या माथ्यावरचं दाट सदाहरित रान वेगळं. पहिल्यात उन्हाळ्यात पायाखाली पाचोळा वाजतो, दुसऱ्यात भर दुपारी अंधारून येतं. नाव त्या मातीतून यावं. सह्याद्रीत कारवी सात वर्षांतून एकदा फुलते. समजा, तुमच्या कथेतली एक शक्ती कारवी फुलेल त्याच वर्षी जागी होते. गाव तिला काय म्हणेल? मला वाटतं, 'सातसाली' म्हणेल. हे नाव मी आत्ता लिहिता लिहिता बनवलं, कुठं ऐकलेलं नाही. पण कोण म्हणतं आणि का म्हणतं हे ठाऊक होतं, म्हणून ते बनलं. 'रायवळ' हा शब्द आपण आंब्यापुरता ठेवला आहे; त्यात राई आहे, कलम न केलेलं रानटीपण आहे. तोही कोणा लेखकाची वाट बघतो आहे.

संस्कृत नावाला माझा विरोध नाही. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातलं १४६वं सूक्त अरण्यानीचं आहे, आणि रानातल्या शक्तीचं इतकं खरं वर्णन मी दुसरीकडे वाचलेलं नाही. ती दिसत नाही. संध्याकाळी रानात थांबलेल्याला गाडी करकरल्याचा, कोणी गुरांना हाक दिल्याचा, लाकूड तोडल्याचा भास होतो, आणि ती तीच असते. तिचं नाव म्हणजे अरण्य या शब्दाचंच स्त्रीरूप. आपला 'रान' हा शब्दही त्याच अरण्यातून आला. पण गावात संस्कृत नाव आलं, तर ते केव्हा आलं हे लेखकाला माहीत हवं. शेंदूर फासलेल्या दगडाला गाव पिढ्यान् पिढ्या एका साध्या नावानं हाक मारतं. पुढं देऊळ बांधलं जातं, कळस चढतो आणि पाटीवर '-ईश्वर' लागलेलं नवं नाव येतं. म्हाताऱ्या बायका मात्र जुन्याच नावानं नवस बोलतात. त्या दोन नावांमध्ये एक अख्खी कथा आहे. ती कोणीतरी लिहावी असं मला फार वाटतं.

आता जे कळकळीनं सांगायचं आहे ते. एखाद्या गावाच्या देवाचं खरं नाव उचलून त्याला राक्षस करू नका. सिंधुदुर्गात आरवलीच्या वेतोबाला लोक केळ्यांचे घड आणि मोठमोठ्या चपला वाहतात. रात्री गावभर फिरून त्या झिजतात, अशी श्रद्धा आहे. ज्या घरातून त्या चपला जातात, त्या घरातल्या मुलीनं तुमची कथा वाचली तर तिला काय वाटेल? माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७०च्या दशकात पश्चिम घाटातल्या देवरायांचा अभ्यास केला. ही राखलेली रानं अशाच देवांच्या नावावर उभी आहेत. तिथली फांदीही तोडायची नाही, हा नेम त्या नावाच्या धाकानं टिकला. असं नाव कथेत स्वस्त झालं, तर फक्त भावना दुखावतात असं नाही, त्या झाडांचं संरक्षणही पातळ होतं.

खरं नाव वापरायचंच असेल, तर त्या मुलखाचे होऊन वापरा. २०२२च्या 'कांतारा' चित्रपटातला पंजुर्ली हा तुळुनाडूत आजही पूजला जाणारा दैव आहे, आणि चित्रपटात तो त्याच्या माणसांसह, त्यांच्या जमिनीच्या भांडणासह येतो. तेवढी तयारी नसेल, तर नवं नाव घडवा. २०१८च्या 'तुंबाड'मधला हस्तर हा आपल्या कुठल्या पुराणातला नाही, तरी अनेकांना तो जुना देव वाटला. त्याला आई दिली होती, भूक दिली होती आणि त्याची पूजा का करायची नाही याचं कारणही दिलं होतं. त्यामुळे कोणाच्या देवाला हात न लावता भीती उभी राहिली.

आणि शक्य असेल तर लिहिण्याआधी एकदा त्या रानाकाठच्या गावात जाऊन या. पारावर बसा, चहा घ्या, पण 'इथं कुठलं भूत आहे?' असं विचारू नका. अशा प्रश्नावर माणसं हसतात किंवा गप्प होतात. 'इथं कुठं जायचं नाही?' एवढंच विचारा. कोणीतरी सांगेल, की त्या ओढ्याच्या वळणावर उंबर आहे, त्याच्याखाली भर दुपारी थांबू नका. मग थोडा वेळ जाऊ द्या, आणि 'तिथं कोण असतं?' हा पुढचा प्रश्न हळू आवाजात विचारा.